मदत हवी: समुद्रावर ड्रिफ्टवुड नक्की कुठे मिळतं?

उनाडपक्षी: दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा हात हलवत परत. लाटांनी घासून गुळगुळीत झालेलं, वेडंवाकडं लाकूड हवंय. फोटोत सगळ्यांना मिळतं, मला चपला आणि बाटल्या. शनिवारी परत निघतोय. कुठे जाऊ? लवकर सांगा.

खाडीकाठी: कुठला किनारा? कधी गेला होतात?

उनाडपक्षी: गुहागर. मेमध्ये.

खाडीकाठी: मेमध्ये काय मिळणार, कप्पाळ! लाकूड नदीतून येतं. पावसात वाशिष्ठी, सावित्रीला पूर आला की काठची झाडं उन्मळतात, खाडीतून समुद्रात जातात आणि वारा-लाटा त्यांना परत किनाऱ्यावर फेकतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर, ओहोटी लागली की जा. खाडीच्या तोंडाजवळचा किनारा धरा. पाण्यालगत फिरू नका, वर सुरूच्या बनाकडे भरतीने कचऱ्याची रेघ सोडलेली असते, तिथे बघा. आमच्याकडे बायका उजाडायच्या आत सरपणाला उचलून नेतात. नऊ वाजता नाश्ता करून आलात तर चपलाच मिळणार. आणि ओंडका लाटेत लोळत असेल तर लांब राहा, पाय मोडतो.

कलमबहाद्दर: उचलण्याआधी भारतीय वन अधिनियम १९२७, कलम ४५ वाचा. वाहून आलेलं, किनाऱ्याला लागलेलं लाकूड कुणी हक्क सिद्ध करेपर्यंत सरकारचं.

खाडीकाठी: मग त्या सरपणवाल्या बायकांना आत टाका आधी.

कलमबहाद्दर: मी कायदा सांगितला. राग कायद्यावर काढा.

काष्ठवेडा: पॉलिश मारू नका! वायर ब्रशने घासा, उन्हात वाळवा, जवसाचं तेल द्या. माझ्याकडचं सागाचं मूळ अकरा वर्षं टिकलंय. फोटो टाकू का?

उनाडपक्षी: पॉलिशचं विचारलंच नाही हो. खाडीत तिवराची वाळकी मुळं दिसली होती, ती कापून आणली तर?

खाडीकाठी: अजिबात नाही. कांदळवनाला कोयता लावलात तर खरोखरच केस होईल.

कलमबहाद्दर: आता पटलं?

मत्स्यमामा: पण लाकूड हवंय कशाला?

उनाडपक्षी: फिशटँकला. अजून कशाला? दोन फुटी आहे, गप्पी आणि टेट्रा.

मत्स्यमामा: हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! समुद्राचं लाकूड मिठाने मुरलेलं असतं. गोड्या पाण्यात कित्येक आठवडे बुडवा, पाणी बदलत राहा, तरी खात्री नाही. त्यात बोटाएवढी भोकं दिसली तर घरी आणूच नका. तेरेडोचं काम ते. म्हणतात किडा, पण असतो शिंपल्याच्या जातीचा. होड्या पोखरतो. मी एकदा असं लाकूड बादलीत भिजवलं, तर आतले मेलेले निघाले आणि त्या वासाने बायकोने बादलीसकट मला जिन्यात काढलं. त्यापेक्षा धरणाच्या फुगवट्याला जा. पाणी उतरलं की काठाला खोडं, मुळं उघडी पडतात. मिठाचा प्रश्नच नाही. एक उकळी द्या, पाणी चहासारखं होईल, घाबरू नका.

काष्ठवेडा: उकळल्याने लाकूड फुसकं होतं.

मत्स्यमामा: माशांना तुमचं जवसाचं तेल पाजू का मग?

उनाडपक्षी: पण हॉटेलचं बुकिंग झालंय, पैसे परत मिळत नाहीत. शनिवारी अमावस्या आहे का?

खाडीकाठी: कॅलेंडर बघा की.

बांगडाफ्राय: गुहागरला निघालाच आहात तर ताजे मासे कुठे मिळतील ते कळवा.

खाडीकाठी: जुलैत? मोठ्या बोटी बंद आहेत. सुकट खा.