७ महिन्यांच्या बाळाला कफ झालाय, नाकातला स्वॅब देऊन व्हायरस पॅनल करावं का?

ओवीची_आई:
नमस्कार, मी नाशिकहून. लेक ७ महिन्यांची, परवापासून नाक गळतंय, काल रात्रीपासून खोकला आणि छातीत घरघर, ताप १०१. अंगावर प्यायला घेतली की नाक चोंदल्यामुळे मधेच सोडते आणि रडते. डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन ९७ आला, म्हणाले ब्रॉन्किओलायटिस (व्हायरसमुळे छातीतल्या बारीक श्वासनळ्यांना येणारी सूज) वाटतोय, घरीच ठेवा, हवं तर व्हायरल पॅनल, म्हणजे एकाच स्वॅबमधून बरेच व्हायरस शोधणारी टेस्ट, करून घ्या. लॅबला विचारलं तर खर्च हजारांच्या घरात. पैशाचं सोडा हो, पण एवढ्याशा नाकात काडी घालून रिपोर्ट आणायचा आणि मग पुढे वेगळं काय करणार तेच कळत नाहीये. सासूबाई म्हणतात सर्दीला कसली टेस्ट, हे म्हणतात करून टाकू. कोणी केलंय का?

सातारची_मेघा:
आम्ही केलं होतं मुलगा सव्वा वर्षाचा असताना. आरएसव्ही (लहान बाळांच्या छातीला त्रास देणारा व्हायरस) आणि राइनोव्हायरस (साध्या सर्दीचा) दोन्ही पॉझिटिव्ह, मी तर रडायलाच लागले, एकाच वेळी दोन दोन व्हायरस म्हणून. नंतर डॉक्टरांनी समजावलं की राइनोव्हायरस मागच्या सर्दीचा उरलेलाही असू शकतो. औषधपाणी काहीच बदललं नाही, नाकात सलाईनचे थेंब आणि थोडं थोडं पाजत राहणं. एक झालं, मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक आम्ही आपल्या मनाने देत होतो ते त्यांनी बंद केलं, व्हायरसवर ते चालतच नाही.

लॅबमधला_दादा:
मी स्वॅब घेतो रोज. आईच्या मांडीवर बाळ, हात टॉवेलमध्ये गुंडाळलेले, कोणीतरी डोकं धरायचं. काडी पातळ आणि लवचिक असते, ती वर नाही, नाकपुडीतून आडवी मागे कानाच्या रेषेत जाते, हलकी फिरवायची आणि गुलाबी पाण्याच्या ट्यूबमध्ये मोडून टाकायची, मग ट्यूब बर्फात. काही सेकंदांचं काम, बाळ रडतं पण आईने जवळ घेतलं की शांत होतं. आणि मेघाताईंचं बरोबर आहे, पीसीआर व्हायरसचे जनुकीय तुकडे शोधतं, व्हायरस जिवंत आहे का मेलेला ते नाही सांगत, म्हणून बरं झालेल्या मुलाचाही रिपोर्ट काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो.

बालरोग_कोल्हापूर:
ताई, रिपोर्टने उपचार बदलणार असेल तरच टेस्ट करा. आरएसव्ही निघाला तरी घरी द्यायचं वेगळं औषध नाही. फ्लू असेल तर मात्र ओसेल्टामिवीर हे औषध आहे आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. बाळ अ‍ॅडमिट असेल, दिवस भरायच्या आधी झालेलं असेल, हृदयाचा त्रास असेल तर आम्ही स्वतःच टेस्ट करतो. खोकल्याची उबळ येऊन बाळ निळं पडत असेल तर डांग्या खोकला बघावा लागतो, त्याला अँटिबायोटिक लागतं आणि बऱ्याच पॅनलमध्ये तो जंतूही असतो. ब्रॉन्किओलायटिस साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर धरतो, म्हणजे तुमचे आजपासूनचे दिवस महत्त्वाचे. बाळ शांत असताना पूर्ण १ मिनिट श्वास मोजा, घड्याळ लावून. या वयात ५० किंवा जास्त, बरगड्यांखाली खड्डा, दूध निम्म्यावर, लंगोट कोरडे, यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना, रात्र असली तरी. घरात आणखी कोणाला ताप आहे का?

ओवीची_आई:
झोपेत मोजले, ४४. हो, भाचा राहायला आला होता चार दिवसांपूर्वी, जाताना १०२ ताप, आणि काल वहिनी म्हणाली त्याला फ्लू निघाला! हे मी डॉक्टरांना सांगितलंच नाही, डोक्यातच आलं नाही.

बालरोग_कोल्हापूर:
मग आज संध्याकाळीच डॉक्टरांना फोन करा आणि हे सांगा. बावीस जंतूंचं पॅनल नको, फ्लू, आरएसव्ही, कोविड एवढ्याचंच छोटं पीसीआर मिळतं. औषधासाठी रिपोर्टची वाट बघायची की नाही ते तेच ठरवतील.

ओवीची_आई:
फोन केला, औषध आजच सुरू करा म्हणाले, वजनावर डोस दिला. स्वॅब पण दिला, हे डोकं धरून होते आणि त्यांचेच डोळे भरले.

ओवीची_आई (दोन दिवसांनी):
फ्लू ए पॉझिटिव्ह, आरएसव्ही निगेटिव्ह. ताप उतरलाय, श्वास ३८, आत्ता सलग दहा मिनिटं प्यायली.