पेरूत अळ्या, कडुनिंबाचं तेल मारूनही फरक नाही

परसबागवाली_पुणे: आमच्या अंगणात सरदार पेरूचं झाड आहे, सासूबाईंनी लावलेलं, दरवर्षी पावसाळ्यात भरपूर लागतो पण यंदा एकूण एक फळ कापलं की आत पांढऱ्या अळ्या, बाहेरून बघाल तर एकदम छान. दर आठवड्याला कडुनिंबाचं तेल मारते, ५ मिली एका लिटरला, थोडा साबण घालून. पानांखाली कापसासारखं पांढरं पण दिसतंय. शेजारचे म्हणतात केमिकल मारा, पण मुलं झाडावरून तोडून तशीच खातात हो, मला नाही मारायचं. काय करू?

गच्चीवरचा_माळी: ताई ही फळमाशी. फळ पिकायला लागलं की सालीखाली अंडी घालते, अळी आतच वाढते, मग वरून काहीही मारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. सगळ्यात आधी खाली पडलेली फळं रोजच्या रोज उचला. अळी फळातून निघून मातीत जाते, तिथे कोष होतो आणि त्यातून परत माशी, म्हणजे पडलेलं फळ तसंच ठेवलं तर पुढची पिढी आपणच पोसतोय. कंपोस्टमध्येही टाकू नका, प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून ४-५ दिवस कडक उन्हात ठेवा. बुंध्याभोवतीची माती अधूनमधून खुरप्याने हलवत जा. आणि झाडावरचं फळ हिरवं, कडक असतानाच त्याला कापडी पिशवी बांधायची, म्हणजे माशीला अंडी घालता येत नाहीत, मऊ पडल्यावर बांधून काही उपयोग नाही.

कोकणकर७: सोबत रक्षक सापळा लावा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा आहे. आत मिथाइल युजेनॉल असतं त्याला नर माश्या येतात. पण फक्त नरच हां, त्यामुळे सापळा लावला म्हणून पिशव्या सोडू नका. आमच्याकडे आंब्याला दोन्ही करतो.

शेवगा_आजोबा: पानांखालचं पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची रांग आहे का बघ बेटा, ढेकणाच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या त्याला सांभाळतात, त्याला खायला येणाऱ्या मित्रकिड्यांना हाकलतात. खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लाव (सालीवर डायरेक्ट नको), फांदी भिंतीला टेकत असेल तर छाट नाहीतर मुंग्या तिकडून येतात. पानं खालच्या बाजूने पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धू, मग तेल मार, संध्याकाळी, उन्हात त्याचा असर लवकर जातो. आणि एक, ढेकणासारखीच पांढरी झिपरी पण मोठी, भरभर चालणारी अळी दिसली तर मारू नकोस हो, ती एका लेडीबर्डची असते, ढेकूणच खाते.

परसबागवाली_पुणे: आजोबा मुंग्या आहेत!! कंपाउंडच्या भिंतीवरूनच येतायत, आत्ता बघून आले. पडलेले पेरू तर मी इतकी वर्षं कंपोस्टच्या खड्ड्यातच टाकत होते. जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवायला घेतल्यात, हात पोचेल तेवढ्या फळांना आजच बांधते. वरच्या शेंड्याला कसं बांधू पण?

गच्चीवरचा_माळी: यंदा राहू द्या, फक्त खाली पडलेलं उचला. बहार संपला की शेंडे छाटा, पुढच्या वर्षी हाताशी येईल.