नीरोच्या सोन्याच्या नाण्यावर त्याची आई कशी काय?

रानपाखरू:
मंडळी एक शंका आहे. रोमन सोन्याच्या नाण्यांचे म्हणजे ऑरियसचे फोटो बघत बसलो होतो, त्यात इ.स. 54 चं नीरोचं नाणं दिसलं. दोन चेहरे, नाकाला नाक लागेल इतके समोरासमोर, एक कोवळा पोरगा आणि एक बाई, मानेवर वेणी. खाली लिहिलंय ती त्याची आई अग्रिप्पिना. सम्राट हा, मग आई कशाला नाण्यावर?

खडूफळा:
बरोबर हेरलंत. आता कडेची अक्षरं वाचा, खरी मजा तिथे आहे. चेहऱ्यांभोवती नाव आईचं आहे, 'दैवी क्लॉडियसची पत्नी, नीरो सीझरची आई' (क्लॉडियस म्हणजे नीरोच्या आधीचा सम्राट), आणि नीरोचं स्वतःचं नाव गेलंय मागच्या बाजूला, ओकच्या पानांच्या हाराभोवती. गादीवर आला तेव्हा 16 वर्षांचा होता, कारभारात आईचा शब्द चालायचा, टाकसाळीने तेच सोन्यावर उठवलं. आता पुढच्याच वर्षीचं, 55 चं नाणं शोधा. दोघं आहेत पण एकाच दिशेला बघतायत, नीरो पुढे, आई त्याच्या आड, आणि नावांचीही अदलाबदल, त्याचं पुढे तिचं मागे. नंतर ती त्याच्या सोन्याचांदीच्या नाण्यांवरून गायबच झाली आणि 59 मध्ये त्याने तिला मारवलं. मी ही नाणी ओळीने लावून बघितली तेव्हा अंगावर काटा आला हो.

जुनंपुराणं:
वरच्यात थोडी भर घालतो. 64 मध्ये नीरोने वजनही उतरवलं, एका रोमन पौंड सोन्यातून 45 नाणी, म्हणजे एक साधारण सव्वासात ग्रॅमचं, पहिला सम्राट ऑगस्टसच्या वेळचं पावणेआठच्या पुढे असायचं. आणि हे सोनं आपल्याकडेही आलंय बरं का, तमिळनाडूत पुदुकोट्टईला 1898 मध्ये 500 च्या वर ऑरियस एकत्र सापडले, त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या तोंडावर सरळ छिन्नीचा घाव. चलनातून काढायला असेल असं अभ्यासक म्हणतात. मला तो घाव फार महत्त्वाचा वाटतो, रोममध्ये ज्या चेहऱ्याला मान तो इथे नुसतं सोनं, वजन करून घ्यायचं.

रानपाखरू:
खूप आभार दोघांचे! 55 चं सापडलं. झूम करून बघितलं, आईचं फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीची कड दिसतेय, बाकी सगळं नीरोच्या चेहऱ्यामागे.