बोलणं नाही, उधारी गेली

‘क्यूआर कोड आले आणि दुकानदाराशी बोलणंच संपलं’ असं बरेच जण म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. यूपीआय २०१६ मध्ये आलं. अंगठा लावून पैसे देण्याच्या भीम-आधारची सुरुवात तर १४ एप्रिल २०१७ ला आपल्या नागपुरातूनच झाली. पण त्याआधी इतवारीत नाहीतर गोकुळपेठ बाजारात आपण अशा कोणत्या जिव्हाळ्याच्या गप्पा मारत होतो? निम्मा वेळ चिल्लरवरून कटकट, आणि शेवटी दोन रुपयांऐवजी हातावर चॉकलेट! ते गेलं, बरंच झालं.

गेलं ते किराणावाल्याचं उधारीचं खातं. कुणाचा पगार लांबला, कुणाकडे लग्न निघालं, कुणाचा म्हातारा दवाखान्यात आहे, हे त्याला वहीवरून कळायचं. ‘राहू द्या काकू, पुढच्या महिन्यात पाहू’ हे म्हणणं त्याच्या एकट्याच्या हातात होतं. ‘नंतर द्या’ म्हणणारी ॲपंही आहेत म्हणा, पण तिथे आधी क्रेडिट स्कोअर आणि उशीर झाला की दंड.

महाल भागातल्या जुन्या दुकानांत अजून वही दिसते. मात्र नवं गिऱ्हाईक आलं की तिथेही आधी स्कॅनरच पुढे होतो. त्यात दुकानदाराचं तरी काय चुकलं बाप्पा?