‘कॉर्ड’ला मराठीत काय म्हणावं?

नौपाडाकर: व्हीएस कोड (प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) शिकणाऱ्या मुलांसाठी मराठी टिपणं करतोय. शॉर्टकटची यादी कंट्रोल+के, कंट्रोल+एसने उघडते, अशा जोडीला तिथे ‘कॉर्ड’ म्हणतात. संगीतातल्या कॉर्डला स्वरमेळ म्हणतात, त्यावरून मी ‘कळमेळ’ केलं. मुलांनी तिन्ही बटणं एकदम दाबली! दुसरा शब्द सुचवा.

घणसोली लोकल: मुलांचं बरोबरच आहे. पेटीवर कॉर्ड एकदम दाबतात, इथे एकामागून एक. कंट्रोल धरून के, मग कंट्रोल धरून एस. मध्ये खालच्या पट्टीत ‘दुसऱ्या कळीची वाट पाहतोय’ अशा अर्थाचा निरोप येतो. एकदम दाबताना एस आधी लागला तर फाइल सेव्ह होते आणि के नुसता ताटकळतो. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर क, हलन्त, ष ओळीने दाबून क्ष होतो, तसंच हे. म्हणून ‘जोडकळ’.

कळवा खाडी: इन्स्क्रिप्टवर क्ष शिफ्ट+७ला एका फटक्यात येतो.

घणसोली लोकल: बरं, ‘स्य’ घ्या.

शुद्धमती: मुळात ‘शॉर्टकट’ कशाला? ‘आडवाट’ आहे ना.

कळवा खाडी: आडवाट आडबाजूची असते, जवळची असेलच असं नाही. आणि जोडकळ म्हटलं की कंट्रोल+एस हीच डोळ्यांपुढे येते, दोन्ही एकदम. इथे के म्हणजे शिळफाटा. तिथवर रस्ता एकच, पुढे महापे की कल्याण ते दुसरं बटण ठरवतं. शब्द ‘फाटा’च घ्या.

फाटा बंद कसा पडतो तेही टिपणात घाला. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) पुसायला कोणी नुसता कंट्रोल+के लावतो आणि नियमाच्या ‘व्हेन’मध्ये ‘टर्मिनलफोकस’ (टर्मिनलमध्ये असतानाच) ही अट घालायची विसरतो. शॉर्टकटच्या जेसन फाइलमधले नियम खालून वर तपासले जातात, आपले नियम मूळच्यांच्या खाली बसतात, म्हणून आपलाच लागतो. के-पासून सुरू होणारे सगळे शॉर्टकट गप्प! मूळचाच एखादा नको असेल तर त्याच बटणांच्या नोंदीत कमांडच्या नावाआधी उणे चिन्ह द्यायचं. वरच्या पट्टीतलं बटण उजव्या क्लिकने ‘हाइड’ केल्याने शॉर्टकट जातो, हा गैरसमज फार आहे; तो जात नाही.

शुद्धमती: फाटा म्हणजे फाटे फोडणंही आलं.

नौपाडाकर: ‘फाटा’ आवडला. पण ‘फाट्यानंतर दोन कळा दाबा’ असं लिहिलं की प्रसूतिगृह आठवतं. अनेकवचन ‘कळी’ करू का?

घणसोली लोकल: मग फुलं उमलतील. कळसूत्री बाहुलीतली कळ तीच ही, अनेकवचन कळाच.

शुद्धमती: कळा असेल तर वीट-विटा-विटेचा तसं कळ-कळा-कळेचा. मग ‘कळीचा मुद्दा’ कुठून आला?

कळवा खाडी: तो नारदाकडून आला असेल.

शुद्धमती: ती कळ भांडणाची. वेगळी.