पाडव्याच्या प्रदर्शनातील फोटो पुन्हा ओघळू नयेत म्हणून

प्रदर्शन समिती:
सस्नेह नमस्कार. गणेशोत्सवात ओल्या शेवंतीच्या हारांचे पाणी फोटोंवर ठिबकून मंडळाच्या संस्थापकांचे चेहरे ओघळले आणि साध्या कागदावर छापलेल्या खालच्या नावपट्ट्या मात्र शाबूत राहिल्या, हे सर्वांना आठवत असेलच. पाडव्यासाठी ४८ फोटो त्याच घरगुती प्रिंटरवर छापून तयार आहेत. त्यांवर वार्निशचा फवारा मारावा की लॅमिनेशन करावे, एवढेच रविवारपर्यंत कळवावे.

सभासद, हॅमिल्टन (कॅनडा):
नावे राहिली आणि चेहरे गेले, यातच कारण आहे. शाई टाकीत ओतून भरायच्या अनेक घरगुती प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते. तिचे कण पाण्यात विरघळत नाहीत. रंगीत शाया मात्र डायच्या, म्हणजे विरघळणाऱ्या असतात. त्यातही कागदाचा गुण वेगळा. सूक्ष्म छिद्रांचा थर असलेल्या फोटोपेपरात शाई चटकन मुरते आणि बऱ्यापैकी धरून राहते, तर जिलेटिनसारखा थर असलेला कागद पाणी लागताच फुगून चिकट होतो. म्हणून फवाऱ्यावर पैसे घालण्याआधी वाया गेलेल्या एखाद्या प्रतीवर पाण्याचा थेंब ठेवून मिनिटभराने कापसाने टिपून पाहावे. कापसाला रंग लागला, तर कागदच बदलावा लागेल. फवारा मारायचाच असेल, तर छपाईनंतर निदान एक दिवस फोटो उघडे वाळू द्यावेत आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावेत.

माजी सचिव:
फवाऱ्याचा प्रयोग माझ्या कार्यकाळात होऊन गेला आहे. मार्चमध्ये, बर्फ वितळत असताना, दमट गॅरेजमध्ये फवारलेल्या फोटोंवर पांढुरकी झाक आली आणि घरात फवारावे म्हटले तर वासाने कोणाला बसवेना. मी स्वतः लॅमिनेट केलेले सहलीचे फोटो आजही सभागृहात आहेत. यंत्र मंडळाचेच असून खजिनदारांकडे आहे.

खजिनदार:
यंत्र माझ्याकडे नाही. नाट्यस्पर्धेच्या वेळी नेलेले ते परत आल्याची नोंद वहीत नाही. सहलीचे फोटो सभागृहात आहेत, हे खरे. पण त्यांच्या कडांना ढगांसारखे डाग पडले आहेत, हेही सांगायला हवे होते. लॅमिनेशनची फिल्म फोटोच्या काठाला लागून कापली की कागदाची चिरलेली कड उघडी पडते आणि पाणी तिथूनच आत शिरते. चारही बाजूंनी चार-पाच मिलिमीटर फिल्म बाहेर राहून एकमेकींना चिकटली, तरच त्याला बंद म्हणता येईल. माझ्या मते मोजके फोटो स्टुडिओतून रासायनिक पद्धतीने काढून घ्यावेत. त्या छपाईची प्रक्रियाच पाण्यात होत असल्याने थेंबाने रंग ओघळत नाही.

सभासद, मिसिसागा:
खजिनदारसाहेब, स्टुडिओचा फोटो म्हणजे निर्धास्त, असे मात्र समजू नये. रत्नागिरीच्या घरी माझ्या सासऱ्यांचा स्टुडिओतला फोटो पावसाळी दमट हवेत काचेला असा चिकटला, की सोडवताना कपाळाचा भाग काचेवरच राहिला. फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवून अंतर राखले असते, तर तसे झाले नसते. शिवाय हार फोटोवर न घालता फ्रेमच्या वरच्या पट्टीवर अडकवावा आणि आधी निथळू द्यावा, हा उपाय तर बिनखर्चाचा आहे.

प्रदर्शन समिती:
थेंबाची परीक्षा काल घेतली. कापसाला फिकट गुलाबी रंग लागला. त्यामुळे हार घालायचे सहा फोटो स्टुडिओतून काढून, मध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवून काचेत बसवत आहोत. उरलेले ४२ फोटो फलकांवर, पाण्यापासून दूर राहणार असल्याने त्यांना गरम लॅमिनेशन करावे, असा विचार आहे. मात्र प्लास्टिकच्या थराच्या फोटोपेपरवर उष्णतेने फुगे येण्याची भीती असते. म्हणून आधी एकच प्रत घालून पाहू. त्यासाठी यंत्र हवे आहे.

माजी सचिव:
यंत्र आमच्या तळघरात सापडले. ते मंडळाकडे पावती करून परत दिले होते, असे मला अजूनही वाटते. शनिवारी सकाळी न्यावे आणि नेताना वहीत नोंद करावी.