इंजिन अर्धवट चालू असताना शेतात उतरावं का?

नभांगण
ऑगस्ट २०२५ मध्ये बारामतीला आपत्कालीन उतरताना प्रशिक्षण विमानाचं पुढचं चाक निखळलं. वैमानिक सुखरूप. तरी "उतरवता येत नाही तर उडवता कशाला?" सुरू झालंच. माझं मत उलट आहे. इंजिन खडखडू लागलं, हवामान बिघडलं, तर इंजिनात जीव आहे तोवर जागा निवडून उतरावं. चाक मोडलं तर मोडू द्या. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने एका इंजिनाच्या विमानांचे २००० ते २०१० मधले टेकऑफनंतरचे प्रसंग तपासले. इंजिन सुरुवातीलाच पूर्ण बंद पडलं, तिथे एकही जीवघेणा अपघात नाही. अर्धवट ताकद उरली होती, तिथे नऊ! अर्धं इंजिन आशा लावतं. माणूस धावपट्टीकडे वळायला जातो, वेग घटतो, विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, कोसळतं.

काळीमाती
जुलैत इंदापूरकडचं रान पाहिलंय का? चाक रुतलं की सेसना १५२ सारखं छोटं शिकाऊ विमान नाकावर जातं, उलटतंसुद्धा. टाक्या पंखांत, आपण पट्ट्याला लटकलेले. पाच मिनिटांवरची धावपट्टी सोडून हे कशाला? पावसाळी हवेत कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा-इंधन मिसळतं तिथे, बर्फ धरतो. कार्ब हीट, म्हणजे तिथे गरम हवा सोडणारा खटका, ओढली की इंजिन आधी आणखी खडखडतं, मग ताळ्यावर येतं. तेवढा धीर नसलेली पोरं शेत शोधत बसतात.

नभांगण
कार्ब हीट आधी ओढायचीच, त्यावर वाद कुठे आहे? सुधारलं नाही तर काय, हा प्रश्न आहे. हाताशी उंची असेल तर धावपट्टीच. नसेल तर वरून एक फेरी मारून वारा, विजेच्या तारा, बांध बघायचे. ही फेरी इंजिन चालू असेपर्यंतच मिळते. मग फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण खाली, वेग कमीत कमी, पुढचं चाक जमेल तितका वेळ वर. वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा चौथाई होते.

हँगरवाला
दोघांनीही खर्चाचं नाव काढलं नाही. पुढचं चाक गेलं की नाकावरचा फिरता पंखा जमिनीला घासतो, आणि पंखा घासला की इंजिन उघडावं लागतं. लहान क्लबचं एक विमान तसंच पडून. शिवाय नुसता टायर फुटला तर नियमाने तो अपघात नाही, पण लँडिंग गिअरच, म्हणजे चाकांचा सांगाडा, मोडला तर अपघाताची नोंद आणि चौकशी. पोरं शेत टाळतात ती याच धाकाने.

काळीमाती
धाक घालवा, पण शाबासकी वाटत सुटू नका. इंधन संपत आलं म्हणून शेतात उतरला, तर उड्डाणाआधी टाकीत डिपस्टिक (इंधन मोजायची काठी) का घातली नाही, हे विचारायलाच हवं.

नभांगण
विचारा की! टाकी न तपासल्याचा ठपका ठेवा, उतरल्याचा नको.

काळीमाती
आणि खाली सगळा ऊसच असेल तर?